निदान एवढे तरी

मराठीत 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. डॉक्टर रोग ओळखतात ते निदान. आणि 'निदान पाणी तरी विचारा' असे आपण म्हणतो तेव्हा निदान म्हणजे कमीत कमी. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले ते भाषेच्या जाणकारांनी सांगावे. आम्हांला आज एवढेच विचारायचे आहे की आजारी माणसाला आपला आजार कोणता हे कळणे, ही त्याला मिळायलाच हवी अशी कमीत कमी गोष्ट आहे काय? की ज्याला परवडते त्याने घ्यावी आणि ज्याला परवडत नाही त्याने अंदाजावर जगावे, अशी ती एक सोय आहे?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटात एक प्लास्टिकची पिशवी असते. तीत जुने रिपोर्ट, एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद, आजीच्या साखरेचे आकडे असे सगळे कोंबलेले असते. ताप तीन दिवसांत उतरला नाही की डॉक्टर 'रक्त तपासून या' म्हणतात. नाक्यावरच्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिले की संध्याकाळी रिपोर्ट हातात. बिल पाहून आपण कुरकुर करतो, आणि ती कुरकुर पुष्कळदा रास्तही असते. पण जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांवर अशी कुरकुर करण्याची वेळच येत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२१ साली आपला अहवाल दिला. त्यात म्हटले होते की जगातील ४७ टक्के लोकांना रोगनिदानाच्या सोयी जवळजवळ उपलब्धच नाहीत. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, साधा एक्स-रे या गोष्टीही त्यात आल्या.

औषधांची स्थिती वाईट असली तरी इतकी वाईट नाही. गरीब देशांनी कोणती औषधे ठेवलीच पाहिजेत याची पहिली यादी जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली काढली. कोणत्या तपासण्या असल्याच पाहिजेत याची पहिली यादी निघाली ती २०१८ साली. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली. (आपल्या देशाने अशी स्वतःची यादी २०१९ मध्ये केली, या बाबतीत आपण पुष्कळांच्या पुढे होतो, हेही सांगितले पाहिजे.) एवढा उशीर का झाला असावा? आम्हांला वाटते, देणाऱ्याच्या मनाचाही त्यात भाग आहे. औषध दिले की काहीतरी दिल्यासारखे वाटते. गोळी हातात ठेवता येते, फोटो काढता येतो. तपासणीतून मिळतो तो एक कागद, आणि कधी कधी त्या कागदावर 'काही आढळले नाही' एवढेच लिहिलेले असते. अशा कागदासाठी पैसे द्यायला हात आखडतो.

पण तपासणी नाही म्हणून डॉक्टर काही हात जोडून बसत नाहीत. ते अंदाज करतात. आफ्रिकेत कितीतरी वर्षे ताप म्हणजे मलेरिया असे धरून चालत. मलेरियाचा जोर असलेल्या भागात लहान मुलाला ताप आला की मलेरियाचे औषध सुरू करावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला होता. तो देणारे कुणी दुष्ट नव्हते. गोळी स्वस्त होती, सूक्ष्मदर्शक दूर होता, आणि उशीर झाला तर मूल दगावण्याची भीती होती. त्या परिस्थितीत कदाचित आपणही तेच केले असते.

त्या अंदाजाची किंमत काय पडत होती, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. ईशान्य टांझानियातील इस्पितळांत 'गंभीर मलेरिया' म्हणून दाखल करून उपचार केलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांचे रक्त नीट तपासण्यात आले. निम्म्याहून कमी जणांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडले. बाकीच्यांना दुसरेच काहीतरी होते. आणि ज्यांच्या रक्तात मलेरिया नव्हता त्यांच्यातच मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. मलेरिया सापडलेल्यांत शंभरातील सात जण दगावले, न सापडलेल्यांत शंभरातील बारा. मलेरियाचे औषध मिळाले म्हणून आईबाप निश्चिंत होते, परिचारिका निश्चिंत होती, आणि खरा आजार तिकडे वाढत होता.

तपासणी महाग पडते म्हणून ती टाळली तर खर्च वाचतो, असे सरकारी हिशेबात दिसते. प्रत्यक्षात तो वाचत नाही, तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. शंकेचीही किंमत असते आणि ती कुणीतरी भरतोच. आज ती भरतात ते टांझानियातल्या त्या आईसारखे लोक, ज्यांना आपण काही भरत आहोत हेही ठाऊक नसते. आमच्या मते या विषयातला नीतीचा प्रश्न येथे आहे. वैद्यकशास्त्रात शंका राहणारच. पण तिचा भार कोणी वाहायचा, हे ठरवणे माणसांच्या हातात आहे.

मलेरियाच्या बाबतीत २०१० साली सल्ला बदलला. आधी तपासा, मग औषध द्या, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. हे शक्य झाले ते एका लहानशा पट्टीमुळे. बोटातून रक्ताचा एक थेंब, पंधरा-वीस मिनिटांची वाट, विजेची गरज नाही, आणि किंमत एका डॉलरच्या आत. खेड्यातली आरोग्यसेविका ही तपासणी झाडाखाली बसून करू शकते. मन लावले तर काय होऊ शकते याचे हे चांगले उदाहरण आहे. म्हणूनच क्षयरोगाची कहाणी वाचताना अधिक वाईट वाटते.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी. थुंकी काचेवर पसरायची, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, ही पद्धत त्याच काळातली. पुढे सव्वाशे वर्षे गरीब देशांत हीच मुख्य तपासणी राहिली. या पद्धतीत जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. ज्यांच्या थुंकीत जंतू कमी, त्यांना 'टीबी नाही' असे उत्तर मिळते. लहान मुलांना नीट थुंकता येत नाही. एचआयव्ही झालेल्यांच्या थुंकीत जंतू कमी असतात. म्हणजे ज्यांना सर्वांत लवकर उत्तर हवे, त्यांनाच ही तपासणी चुकीचे उत्तर देते. दुसरा मार्ग म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे. त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर रुग्ण एकतर बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो, आणि घरच्यांना संसर्ग देऊन झालेला असतो.

याच सव्वाशे वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला. क्षयाची तपासणी मात्र तशीच राहिली, कारण ज्यांना क्षय होत होता त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहण्यासारखे काही उरले नव्हते. श्रीमंत देशांतून तो रोग बहुतांशी हटला होता.

शेवटी नवे यंत्र आले तेही थोडे आडवाटेने. अमेरिकेत २००१ साली टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवण्यात आले, माणसे मेली, आणि टपाल तपासण्यासाठी तेथील सरकारला झटपट जंतू ओळखणारे यंत्र हवे झाले. कॅलिफोर्नियातील सेफिड कंपनीचे तंत्र तेथे वापरले गेले. त्याच तंत्रावरून जिनिव्हाच्या 'फाइंड' या संस्थेच्या आणि अमेरिकेतील विद्यापीठातल्या संशोधकांच्या साहाय्याने क्षयासाठी 'जीनएक्स्पर्ट' तयार झाले. थुंकी एका प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये घालायची. दोन तासांच्या आत क्षय आहे की नाही हे कळते, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही हेही कळते. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

यंत्र झाले. आता किंमत. चार नमुने एका वेळी तपासणारे यंत्र गरीब देशांना सवलतीत सुमारे सतरा हजार डॉलरला, आणि प्रत्येक तपासणीचे कार्ट्रिज सुरुवातीला जवळजवळ सतरा डॉलरला. २०१२ मध्ये अमेरिकी सरकार, गेट्स फाउंडेशन आणि युनिटएड यांनी पैसे घालून ते ९ डॉलर ९८ सेंटवर आणले. त्यानंतर अकरा वर्षे किंमत तेथेच राहिली. मलावीसारख्या देशात सरकार, देणगीदार आणि रुग्ण मिळून एका माणसाच्या आरोग्यावर वर्षाला जो सारा खर्च होतो तो पन्नास डॉलरच्याही आत आहे. त्यात दहा डॉलरची एक तपासणी कशी बसवायची? शिवाय क्षयाचा एक रुग्ण सापडायला साधारण दहा जणांची थुंकी तपासावी लागते.

'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने हिशेब करून घेतला. मोठ्या प्रमाणात बनवले तर एका कार्ट्रिजला तीन ते साडेचार डॉलर खर्च येतो, असे त्यात दिसले. तेव्हापासून पाच डॉलरची मागणी सुरू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये, अमेरिकी लेखक जॉन ग्रीन आणि त्यांच्या वाचकांनीही आवाज उठवल्यानंतर, सेफिडची मालक असलेल्या डॅनाहर कंपनीने साध्या क्षयतपासणीची किंमत ७ डॉलर ९७ सेंट केली आणि त्यावर आपण नफा घेणार नाही असे सांगितले.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. कंपनीने धोका पत्करला नसता तर हे यंत्र आज नसते. आपल्यातही धंदा करणारे लोक आहेत. माल बनवणाऱ्याला चार पैसे सुटले पाहिजेत हे त्यांना समजावून सांगायला नको. नफा हे पाप आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण हे यंत्र घडवण्यात २५ कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा गेला आहे, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले आहे. शेतात बी लोकांचे, पाणी लोकांचे, आणि पीक आल्यावर लोकांनाच भाव सांगायचा, एवढ्यावरच आमचा आक्षेप आहे. पैसे देणाऱ्या सरकारांनी पैसे देतानाच भावाची अट घालायला हवी होती. ती घातली नाही हा दोष कंपनीपेक्षा त्यांचा जास्त आहे, असे आमचे मत आहे.

स्पर्धेने भाव उतरतो, हे बाजारात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. म्हणून सांगायला बरे वाटते की या क्षेत्रात जीनएक्स्पर्टला पर्याय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्या यंत्राला मान्यता दिली, ते 'ट्रूनॅट' आपल्या गोव्यातील मोलबायो कंपनीचे आहे. ते बॅटरीवर चालते. ज्या गावात वीज दिवसातून चार तास येते तेथे याचा अर्थ काय होतो, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. जीनएक्स्पर्टला अखंड वीज लागते आणि खोलीचे तापमान तीस अंशांच्या वर गेलेले चालत नाही. आफ्रिकेतल्या किती आरोग्य केंद्रांत एअर कंडिशनर असतो?

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, आणि ती आपल्याच देशातली आहे. काहीही मिळाले तरी ते काहीच नसण्यापेक्षा बरे, असे आपल्याला सहज वाटते. तपासणीच्या बाबतीत हे खरे नाही. क्षयासाठी रक्तातली प्रतिपिंडे पाहणारी एक तपासणी आपल्याकडे खाजगी लॅबमध्ये जोरात चालत असे. वर्षाला सुमारे पंधरा लाख तपासण्या होत, असा अंदाज होता. ती भरवशाची नव्हती. क्षय असलेल्याला 'नाही' आणि नसलेल्याला 'आहे' असे ती पुष्कळदा सांगे. यांतील कितीतरी किट्स युरोप-अमेरिकेत बनत, पण बनवणाऱ्या देशांत क्षयाच्या निदानासाठी त्यांना परवानगी नव्हती. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही तपासणी वापरू नका असे स्पष्ट सांगितले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने तिच्यावर बंदी आणली. तोवर ज्या हमालाने, ज्या घरकाम करणाऱ्या बाईने हजार रुपये मोजून उत्तर विकत घेतले, तिला खोटे उत्तर मिळाले होते. गरिबाला तपासणी हवी हे म्हणताना ती खरी हवी, हेही म्हटले पाहिजे. आपल्या घरातल्या माणसाला जी चालणार नाही, ती त्यालाही चालू नये.

आता या सगळ्याला एक चांगला आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, झांबिया आणि टांझानिया या चार देशांतील दवाखान्यांत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३-१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. काही रुग्णांची थुंकी जुन्या पद्धतीने तपासली, काहींची नव्या यंत्राने. नव्या यंत्रामुळे अधिक लोकांना त्याच दिवशी उत्तर मिळाले आणि त्याच दिवशी औषध सुरू झाले. पण सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांतील लोकांच्या प्रकृतीत फरक नव्हता. कारण जुन्या पद्धतीच्या गटातही डॉक्टरांनी संशयावरून औषध सुरू केले होते. अनुभवी डॉक्टरचा अंदाज यंत्राच्या बराच जवळ पोहोचला होता.

मग एवढा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे. अनुभवी डॉक्टर जेथे होता तेथे अंदाज चालला. जेथे डॉक्टरच नाही, फक्त एक परिचारिका आहे, तेथे काय? शिवाय अंदाजाने सुरू केलेले औषध सहा महिने घ्यावे लागते. रोग नसताना सहा महिने गोळ्या, उलट्या, बुडालेला रोजगार, आणि शेजारच्यांनी फिरवलेली तोंडे. आणि अंदाजाने जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे कळत नाही. तरीही हा आक्षेप पूर्ण खोडून निघत नाही, हे आम्ही मान्य करतो. यंत्र म्हणजे उपचार नव्हे. यंत्र दवाखान्यात आले आणि नमुना तेथवर पोहोचलाच नाही, किंवा रिपोर्ट परत गावात आलाच नाही, तर ते लोखंडाच्या पेटीसारखेच पडून राहते.

म्हणून जे लोक मधला रस्ता बांधतात त्यांचे आम्हांला विशेष वाटते. लेसोथो हा डोंगराळ, लहानसा देश. तेथे मोटारसायकलस्वार डोंगरातल्या दवाखान्यांतून रक्ताचे आणि थुंकीचे नमुने प्रयोगशाळेत नेतात आणि रिपोर्ट घेऊन परत येतात. टांझानियात मोरोगोरो येथे 'अपोपो' नावाची संस्था आहे. तिने मोठ्या आफ्रिकी उंदरांना क्षयाचा वास ओळखायला शिकवले आहे! दवाखान्यांनी 'टीबी नाही' म्हणून बाजूला ठेवलेली थुंकी हे उंदीर पुन्हा हुंगतात. शंभर नमुने त्यांना वीसेक मिनिटांत होतात. ज्यावर ते थांबतात तो नमुना प्रयोगशाळेत पुन्हा तपासला जातो, आणि सुटलेले कितीतरी रुग्ण सापडतात. वाचून हसू येते, पण ज्याला 'तुला काही नाही' म्हणून घरी पाठवले होते त्याच्या दारी जेव्हा कुणी परत येऊन सांगते, 'चल, औषध सुरू करू', तेव्हा त्याला उंदराचे हसू येत नसेल.

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. औषधच मिळणार नसेल तर रोगाचे नाव सांगून काय उपयोग? उगाच माणसाचा जीव कशाला घाबरवायचा? हा प्रश्न आपल्या घरांतही येतो. म्हाताऱ्या आईला कॅन्सर आहे हे तिला सांगायचे की नाही, यावर आपल्याकडे भावंडांत भांडणे झालेली आहेत. गरीब देशांविषयी तर हा युक्तिवाद वर्षानुवर्षे मोठ्या शहाणपणाने केला गेला. एचआयव्हीवर औषधे निघाली तेव्हा त्यांचा एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेत ती मिळणे शक्य नाही, मग तपासण्या कशाला, असे म्हणणारे पुष्कळ होते.

प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. दक्षिण आफ्रिका हा तसा मध्यम उत्पन्नाचा देश, पण तेथील गरिबांना औषध मिळत नव्हते. तपासणी करून घेतलेले, आपल्याला एचआयव्ही आहे हे कळलेले लोक १९९८ च्या डिसेंबरपासून 'ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन' या नावाने एकत्र आले. छातीवर 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलेले टी-शर्ट घालून ते रस्त्यावर उतरले. त्यांचे एक नेते झॅकी अचमत यांनी सरकारी दवाखान्यांत गरिबांना औषध मिळेपर्यंत आपणही घेणार नाही असे जाहीर केले होते. इकडे फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने औषध देण्याचा निर्णय घेतला. ज्यांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक होते त्यांनीच औषध ओढून आणले. ज्या माणसाला आपण कशाने मरत आहोत हे माहीत नाही, तो मागणार तरी काय? आणि ज्या देशात एखाद्या रोगाचे रुग्ण मोजलेच गेले नाहीत, तेथे औषध बनवणारा माल पाठवणार कुणासाठी?

तरी एवढ्याने प्रत्येक खाटेवरच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. चळवळ जिंकते तेव्हा काही जण ते पाहायला उरलेले नसतात. उत्तर ऐकायचे की नाही हे त्या माणसाने ठरवावे, एवढेच आम्ही म्हणू. गरिबाच्या वतीने आपण आधीच ठरवून टाकतो की त्याला न कळलेलेच बरे, आणि त्यात आपले पैसेही वाचतात. दयेच्या अशा निर्णयाकडे जरा संशयाने पाहिले पाहिजे.

गरिबाची तपासणी करायला जग नेहमीच नाखूष असते असेही नाही. आपल्या धर्मग्रामातून आखातात नोकरीला गेलेल्यांना विचारा. व्हिसाच्या 'मेडिकल'मध्ये छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहायला जाणाऱ्या भारतीयाला क्षय नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणजे त्या माणसाच्या छातीत काय आहे हे जाणून घेण्याची इच्छा आहे, यंत्रे आहेत, पैसेही वसूल होतात. आपल्या देशाचे रक्षण करण्यात त्यांचे काही चुकते असे नाही. पण तोच माणूस आपल्या गावात खोकत होता तेव्हा त्याच्या छातीत काय आहे याची चौकशी कुणाला नव्हती.

२०२४ साली जगात एक कोटी सात लाख लोकांना क्षयरोग झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे चौथा हिस्सा आपल्या भारतातला. निदान होऊन नोंद झाली ती ८३ लाखांची. बाकीचे चोवीस लाख कोठे आहेत? काही खाजगी डॉक्टरांकडे असतील, त्यांची नोंद झाली नसेल. उरलेले घरी आहेत, कामावर आहेत, खोकल्याचे औषध घेत आहेत. त्या वर्षी साडेबारा लाखांच्या जवळपास माणसे या रोगाने गेली, आणि हा रोग औषधाने बरा होतो. ज्यांचे निदान झाले त्यांच्यातही नव्या जलद तपासणीने सुरुवात झालेले निम्म्याहून थोडेच अधिक होते. बाकीच्यांसाठी अजून सूक्ष्मदर्शक किंवा अंदाज. त्यात जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत थांबवली, आणि अनेक देशांत नमुन्यांची वाहतूक व प्रयोगशाळांची कामे विस्कळीत झाली असे संघटनेने मार्चमध्ये कळवले. दुसऱ्याच्या मर्जीवर उभे केलेले काम कसे एका सहीने खाली येते, ते तेथे दिसले. त्या त्या देशांच्या सरकारांनीही हा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरायला हवा होता, हे खरेच आहे. पण ते कर्जाचे हप्ते फेडून उरलेल्या पैशांतून, हेही खरे आहे.

मलावी, लेसोथो, टांझानिया या देशांत आरोग्यसेवेचा मोठा वाटा ख्रिस्ती मिशनच्या इस्पितळांकडे आहे. जगभरच्या धर्मग्रामांतून जाणारी मदत अशा ठिकाणी कामी येते. आपल्याकडेही मिशनसाठी दान देताना, किंवा आपल्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर भरवताना, खाटा, व्हीलचेअर आणि औषधे यांसाठी दाते पटकन मिळतात. खाटेवर दात्याचे नाव घालता येते. शिबिरात शंभर लोकांची साखर मोजली जाते. ज्यांची जास्त निघाली ते पुढे महिन्याभराने कोठे तपासायला जातात, याची वही कुणी ठेवत नाही. लॅबला लागणारी रसायने दर तीन महिन्यांनी संपतात, त्यांच्या बाटलीवर कुणाचे नाव घालणार? आणि सूक्ष्मदर्शकापाशी दिवसभर मान वाकवून बसणाऱ्या टेक्निशियनच्या पगारासाठी तर आजवर कुणी पाकीट दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.